तोसेचा कित्ता

क्योतो, तेरामाची
तेनमेईचं सातवं वर्ष, नववा महिना, बारावा दिवस

कानशिची,

पानगळ, थंडी, तुझ्या सासू-सासऱ्यांची तब्येत, सगळं विचारून झालं असं समज. कामाचं लिहिते.

मुलींच्या कित्त्याची शेवटची फळी तुझ्या ओसाकातल्या वखारीत आहे. ती पहिल्या बोटीनं पाठव. भागीदारीची रीत मला शिकवू नकोस. पुस्तक बहीण-भावाचं, म्हणून कोरलेल्या बाकी सगळ्या फळ्या माझ्याकडे आणि एक तुझ्याकडे अडकवून ठेवलेली, म्हणजे एकानं दुसऱ्याला टांग मारून गुपचूप छापू नये. हे गेल्यापासून दुकान मीच चालवते आहे, एवढं मला कळतं. फळी मला छापायला नको, दुरुस्तीला हवी आहे. शेवटच्या पानावर ‘अक्षर तोसेचं’ असं आहे. कोरणारा मातासुके तेवढा भाग खोदून काढील, तिथं नव्या लाकडाची पाचर ठोकील आणि तिच्यावर दुसरं नाव कोरील. कुणाचं ते अजून ठरवलं नाही. कुणाचंही चालेल.

तोसे माझी मुलगी हे सगळ्या तेरामाचीला ठाऊक आहे. ती आपल्याच छापणाऱ्या तोकुझोचा हात धरून गेली हेही ठाऊक आहे. चांगल्या पुस्तकवाल्याचा मुलगा घरजावई म्हणून ठरला होता, देण्याघेण्याची बोलणी झाली होती, आणि ही गेली कागदाच्या पाठीवर घासणी फिरवणाऱ्या माणसाबरोबर. त्यानं म्हणे तिचा कित्ता छापता छापता तिच्या अक्षराशी आधी ओळख करून घेतली. मी तिचं नाव घरातून काढलं. मग ते पुस्तकावर कशाला? नव्या प्रती शिवून आल्या की कारभारी मोहेई त्या माझ्यापुढे तपासायला ठेवतो आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटी मला ते नाव वाचावं लागतं. मला पुरे झालं.

तू स्वतः घरजावई आहेस. फळी हलवायला सासूबाईंची परवानगी लागत असेल तर आजच माग.

किनु

ओसाका
दहावा महिना, तिसरा दिवस

ताई,

सासूबाई बऱ्या आहेत, विचारलंस म्हणून आनंद झाला.

फळी आहे. पण ती लोणच्याच्या पिंपांमागे गेली आहे. हिवाळ्याचं मुळ्याचं लोणचं नुकतंच घातलंय, पिंपांवर दगड चढले आहेत आणि वसंतापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही असा सासूबाईंचा हुकूम आहे. तो मोडायची माझी काय बिशाद? आमच्या वखारीत पुस्तकांपेक्षा मुळ्याला मान जास्त.

शिवाय तू म्हणतेस ते मला पटत नाही. इथली गिऱ्हाईकं ‘मुलींचा कित्ता द्या’ म्हणतच नाहीत. ‘तोसेचा द्या’ म्हणतात. तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या बायका मुलींना दटावतात, तोसेसारखी रेघ ओढ म्हणून. त्या नावावर पाचर मारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. तुला वाईट वाटतं हे मला समजतं, पण माझाही अर्धा भाग आहे, म्हणून लिहिलं.

आणखी एक, जरा भीतभीत विचारतो. समजा, तोसेची काही खबर फिरत फिरत माझ्या कानावर आली, तर तुला कळवू का?

कानशिची

क्योतो
अकरावा महिना, पहिला दिवस

कानशिची,

नको.

लोणचं मुरलं की फळी पाठव.

किनु

ओसाका
तेनमेईचं आठवं वर्ष, दुसरा महिना, नववा दिवस

ताई,

आधीची पत्रं पोचली की वाटेतच राहिली ते कळायला मार्ग नाही. गेल्या महिन्याच्या अखेरीला क्योतो पेटलं असं ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, एखादी गल्ली असेल. आता बोटीतून माणसं उतरताहेत, अंगावर रजई आणि हातात एखादं भांडं, आणि सगळे एकच सांगतात, राजवाड्यापासून किल्ल्यापर्यंत काही उरलं नाही. तेरामाचीचं नाव काढलं की मान हलवतात.

मी निघणार होतो. पण वरच्या अंगाला जाणाऱ्या बोटी माणसं घेत नाहीत, फक्त धान्य घेतात. म्हणून हे पत्र तांदळाच्या पोत्यात घालून पाठवतोय. पोतं मोहेईच्या नावानं आहे. जुना कारभारी आहे, त्याला कुणीतरी ओळखेलच असं वाटतं.

सासूबाई दिवसातून दहादा विचारतात. त्यांच्यापेक्षा जास्त विचारणारंही इथं कुणी आहे, पण ते जाऊ दे. एक ओळ लिही. फक्त ‘आहे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

कानशिची

शिराकावा गाव
दुसरा महिना, विसावा दिवस

कानशिची,

आहे.

मोहेईही आहे. एका टोफूवाल्याच्या माडीवर आम्हाला जागा मिळाली आहे. खाली पहाटेपासून जातं फिरतं, वर आम्ही. तांदूळ मिळाला. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तो यावेळी खरा आहे.

दुकान गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचीच गेली. वखार मात्र वाचली होती. जाड मातीच्या भिंती, दाराच्या फटी मोहेईनं स्वतःच्या हातानं चिखल लिंपून बुजवल्या होत्या. आग पुढे गेल्यावर आख्ख्या गल्लीत ती एकटी उभी होती. लोक येऊन बघून जायचे आणि मला म्हणायचे, नशीबवान आहात.

पुस्तकवाल्यांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आगीतून उठलेली वखार तीन-चार दिवस उघडायची नाही. आतलं लाकूड, कागद, सगळं तापून वारा मागत असतं. मोहेई तर दारासमोर आडवा पडला. मी त्याला उठवलं. कित्त्याच्या फळ्या दाराजवळच होत्या, तेवढ्या ओढून घेऊ आणि पुन्हा लिंपून टाकू, असं म्हटलं. दार हातभर उघडलं. आधी काहीच झालं नाही. मग आतून कुणी मोठा उसासा टाकावा तसा आवाज आला आणि वखार दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकदम पेटली.

सगळ्या फळ्या गेल्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून मी पाहिलेल्या सगळ्या. मोहेई मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

माझ्या भुवया जळल्या आहेत. येतील.

किनु

ओसाका
तिसरा महिना, पाचवा दिवस

ताई,

‘आहे’ वाचून सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. सासरे म्हणाले, तिला इथंच घेऊन ये. मीही तेच म्हणतो. मागची खोली रिकामी आहे, ऊन चांगलं येतं. तू येणार नाहीस हे लिहिताना ठाऊकच आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली तू.

एक विचारतो, रागावू नकोस. वखारीत इतक्या पुस्तकांच्या फळ्या होत्या. बौद्ध सूत्रं होती, शब्दकोश होता, ज्याच्यावर भावजींच्या वेळेपासून दुकान चाललं. मग आधी कित्त्याच्याच काढायला का धावलीस? त्यावरचं नाव तर तुझ्या डोळ्यांत खुपत होतं.

असो. त्या पुस्तकाची आता या जगात एकच फळी आहे आणि ती माझ्या लोणच्यामागे आहे. पाठवली नाही ते बरं झालं, असं म्हणणार होतो, पण म्हणत नाही. तू पुन्हा कोरायचं मनावर घेशील, म्हणून ओळखीच्या घरांतून कित्त्याच्या मिळाल्या तेवढ्या प्रती गोळा करून याच बोटीनं पाठवतोय.

कानशिची

शिराकावा गाव
चौथा महिना, चौदावा दिवस

कानशिची,

म्हणत नाही म्हणत म्हणून घेतलंस. विचारलंस त्याचं उत्तर, त्या फळ्या दाराजवळ होत्या. पुढे.

पुस्तकवाल्यांच्या संघाची बैठक एका देवळात झाली. दुकानाच्या नावानं मोहेई बसला, मी शेजारच्या खोलीत सरकत्या दाराला कान लावून. ज्याच्या फळ्या जळल्या त्याचा पुस्तकावरचा हक्क जळत नाही, असं ठरलं. इथवर ठीक. पण एदोच्या एका पुस्तकवाल्यानं मुलींचा नवा कित्ता काढायची परवानगी मागितली आहे. आपला बाजारात असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आता संघ म्हणतो, सातव्या महिन्यात ओबोनला पितरांसाठी लावलेले दिवे विझल्यावर जी बैठक होईल तिच्यात नव्या फळ्यांवरून छापलेली पहिली पानं दाखवा, नाहीतर एदोवाल्याला परवानगी. सूत्रं आणि शब्दकोश पुन्हा कोरून घ्यायची माझ्यात ताकद नाही. हा कित्ता उभा राहिला तर दुकान उभं राहील. नाहीतर मी टोफू विकायला शिकते.

तू पाठवलेल्या प्रती पाहिल्या. स्वच्छ प्रत मिळाली असती तर तिचीच पानं फळीवर उलटी चिकटवून मातासुकेनं नव्यानं कोरलं असतं. पण कित्ताच तो, लोक गिरवायलाच घेतात. पोरींनी प्रत्येक अक्षरावर चार चार वेळा शाई फिरवली आहे. एकीनं समासात मांजर काढलं आहे. मांजर चांगलं आहे, पण त्याचा मला उपयोग नाही.

तेव्हा नव्यानं लिहून घ्यायला हवं. कुणाकडून, ते मला माहीत नाही.

किनु

ओसाका
पाचवा महिना, आठवा दिवस

ताई,

मार्ग निघाला. साकाईत एक बाई आहेत, मुलींना अक्षर शिकवतात. त्यांनी आपल्याच कित्त्यावर हात बसवला आहे, इतका की दोन पानं शेजारी ठेवली तर मलाही फरक सांगता येईना. मी त्यांना सगळी अडचण सांगितली. त्या हो म्हणाल्या. कोरायला देतात तो पातळ कागद मी इथूनच दिला. पहिली पानं सोबत आहेत. पटली तर बाकीची लिहून घेतो.

बाईंचं नाव विचारू नकोस, त्यांना नावाची हौस नाही.

कानशिची

क्योतो, तेरामाची
पाचवा महिना, एकोणिसावा दिवस

कानशिची,

पानं मिळाली. आम्ही जुन्या जागेवर फळकुटांची खोपी घातली आहे, पत्रं आता इथंच पाठव.

साकाईच्या बाईंना सांग, अक्षर बरं आहे. आडव्या रेघेच्या शेवटी हात जरा जास्त दाबतात, तेवढं सोडायला सांग. तिसऱ्या पानावर एका ओळीत मधेच कुंचला उचललेला दिसतो. पुढचं अक्षर सुकलेल्या कुंचल्यानं सुरू केलंय, शाई पुन्हा घेतलेली नाही. हे घाईनं होत नाही. पदर ओढणारं कुणी जवळ असलं की होतं. बाईंना लहान मूल आहे का?

बाकीची पानं लिहून घे. तुझ्याकडची शेवटची फळी लोणच्यामागेच राहू दे, तिला काही करायचं नाही. वेळ कुणाला आहे पाचर मारायला?

किनु

ओसाका
सहावा महिना, दुसरा दिवस

ताई,

तुझे डोळे म्हणजे कमाल आहे. बाईंना मुलगी आहे, दीड वर्षाची. दाढा येताहेत म्हणून रात्रंदिवस किरकिर, आणि आई लिहायला बसली की हिला नेमका तोच कुंचला हवा असतो. तू आधी पाहिल्यासारखं कसं काय लिहिलंस?

सगळी पानं सोबत आहेत. तुला अक्षर ‘बरं’ वाटलं असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ‘बरं’ म्हणाल्या का? मी म्हटलं, हो. मग त्या उठून भाजी चिरायला गेल्या आणि बराच वेळ चिरतच बसल्या. एका माणसाला किती भाजी लागते? असो, घरात तिघं आहेत म्हणा.

आता मातासुकेला झपाट्यानं कामाला लाव. ओबोन काही लांब नाही.

कानशिची

क्योतो, तेरामाची
सहावा महिना, चोविसावा दिवस

कानशिची,

काम चालू आहे. पण मातासुकेच्या हातून एक पान फाटलं. नवं लागेल.

ते तिथून लिहून पाठवू नकोस. या दिवसांत बोटीत कागदाला ओल धरते, शाई फुटते. बाईंनी इथं येऊन लिहावं. मुलीला आणायला हरकत नाही. आगीनंतर इथले छापणारे पांगले आहेत, कुणी ओसाकाला, कुणी गावाकडे. बाईंच्या घरात छापणारा माणूस असेल तर तोही आला तर चालेल. त्याला जागा होईल.

मी बोलावलं असं सांगू नकोस. काम अडलंय असं सांग.

किनु

ओसाका
सातवा महिना, पहिला दिवस

ताई,

हे काय चाललंय?

काल मातासुके माझ्याकडे आला होता. साकाईला चाकू घ्यायला चालला होता, वाटेत चहाला थांबला. मी सहज म्हटलं, काय रे, एवढा जुना कारागीर, आणि पान फाडलंस? त्याच्या हाती एकही पान आलेलं नाही म्हणतो. चेरीच्या फळ्या रंधून, घासून कधीच्या तयार आहेत. तू एकदा पानं घेऊन गेलीस, त्यानं खळसुद्धा लावली, आणि तू ‘घरी काहीतरी विसरलं’ म्हणून पानं घेऊन परत गेलीस. तेव्हापासून रोज ‘उद्या’ म्हणतेस. ताई, ओबोन तोंडावर आलंय. एदोवाला टपून बसलाय. दुकान जाईल. पानं कुठं आहेत?

तू काहीतरी लपवते आहेस, तर मीही माझं सांगून टाकतो. साकाई-बिकाई काही नाही. साकाई म्हणजे माझ्या दुकानामागची गल्ली. तोसे आणि तोकुझो तिथं राहतात, गेली दोन वर्षं. दाराशी आले तेव्हा तिला सातवा महिना होता, मी काय हाकलून देणार होतो? तोकुझो माझ्याकडेच छापतो. कमी बोलतो, काम चोख करतो, दारूला शिवत नाही. पोरीला सासूबाई खेळवतात. आग लागल्याचं कळलं तेव्हा तोसे रोज धक्क्यावर जाऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला तुझं वर्णन सांगून विचारत होती. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण तू ‘नको’ लिहिलं होतंस आणि मला तुझी भीती वाटते. आता हवं ते बोल.

तू सांगितलंस तसं मी तिला सांगितलं नाही. मातासुके यायच्या आधीच पान फाटल्याचं तिच्या कानावर घातलं होतं, पण ‘काम अडलंय’ न म्हणता सरळ म्हटलं, तुझ्या आईनं बोलावलंय. तिनं लगेच सामान बांधायला घेतलं. परवाच्या बोटीनं निघताहेत.

कानशिची

क्योतो, तेरामाची
आठवा महिना, चौथा दिवस

कानशिची,

भागीदार म्हणून तुला आधी संघाचीच काळजी असेल, तर ते आधी लिहिते. पहिली पानं बैठकीत दाखवली. तोकुझोनं छापली होती. मोहेई सांगतो, पानं हातोहात फिरली आणि कुणाला खोट काढता आली नाही. एदोवाल्याला नकार मिळाला. पुस्तक आपलंच राहिलं.

आता पानांचं. साकाईवर माझा कधीच विश्वास बसला नव्हता. पहिलं पान उलगडलं तेव्हाच ओळखलं. लहानपणी तिच्या हातावर हात ठेवून मीच गिरवून घेतलेलं अक्षर आहे ते, मला कोण फसवणार? मूल आहे का हे मी विचारलं ते अक्षर समजून घ्यायला नव्हे. मूल आहे का हेच मला विचारायचं होतं. तू भोळा आहेस, सगळं लिहून मोकळा झालास.

सगळी पानं आली त्याच दिवशी मातासुकेकडे घेऊन गेले. पुढे काय होतं ते तुला मी सांगायला नको. पान फळीवर उलटं चिकटवायचं. पाठीकडून ओल्या बोटानं कागद घासत जायचा, शाई लाकडावर दिसेपर्यंत. मग चाकू. काळं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं काढून टाकायचं. अक्षर लाकडात राहतं, आणि संध्याकाळी झाडून काढायला कागदाचा कपटासुद्धा नसतो. जन्मभर मी किती जणांच्या हातची पानं अशी दिली असतील, कधी मनात काही आलं नाही. त्या दिवशी मातासुकेनं खळ लावली आणि हात पुढे केला. माझ्यानं देववेना. ती गेल्यापासून तिचं म्हणून माझ्याकडे आलेलं तेवढंच होतं. मला तिची फार आठवण यायची, हेही आता लिहून टाकते. दुकान हातचं जातंय हे दिसत होतं. रोज सकाळी ठरवायची, आज देते. रोज पेटी उघडून बघायची आणि बंद करायची. शेवटी पान फाटल्याची थाप मारली. तीही धड जमली नाही.

ते तिघं दुपारी आले. तोसे वाळली आहे. मुलगी पाठीशी बांधलेली, झोपलेली. तोकुझो बाहेरच थांबला होता, त्याला मोहेई हाताला धरून आत घेऊन आला. मी चहात शिजवलेली पेज आणि वांग्याचं लोणचं वाढलं. सगळ्यांनी खाल्लं. तोकुझोनं स्वतःचा वाडगा स्वतः धुतला, ते मला आवडलं.

मग तोसे म्हणाली, कुठलं पान फाटलंय ते दे, उजेड आहे तोवर लिहून टाकते. मी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिनं एकेक पान काढून पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

“आई, ही कोरायला का दिली नाहीस?”

“दिली असती तर मला काय उरलं असतं?”

“मी.”

एवढंच म्हणाली आणि पानं क्रमानं लावायला घेतली. मी उठून मागे गेले. करायला काही नव्हतं, धुतलेले वाडगे पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं मातासुकेकडे गेली. तोसेच देऊन आली. मी गेले नाही. नातीला धरायला घरी कुणीतरी हवं होतं.

किनु